पुढे चाल

१० जून, मंगळवार. शाळेचं वेळापत्रक करायला बसले. सोमवारी शाळा उघडणार होती, आणखी ढकलता येण्यासारखं नव्हतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, यंदा तुम्ही राहू द्या, दुसरं कुणी करेल. मी म्हटलं, दुसऱ्या कुणी केलं तर जुलैभर ते मलाच दुरुस्त करावं लागेल.

मी नगरमध्ये मुलींच्या शाळेत गणित शिकवते आणि केडगावात राहते. शाळेचं वेळापत्रक बावीस वर्षं माझ्याकडे आहे. आता त्यासाठी कॉम्प्युटरवर सोयी आहेत, पण मी अजून फळ्यावर करते. कपाटावरचा बोर्ड खाली काढला, पुसला, जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवला. बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. या चिठ्ठ्या मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून करते. पुठ्ठा चांगला असतो, टाचणी टिकते. प्रत्येक शिक्षकाचा एक रंग. नेवाशाहून एसटीने येणाऱ्या मराठीच्या बाईंना पहिला तास द्यायचा नाही, प्रयोगशाळेत एका वेळी दोन वर्ग पाठवायचे नाहीत, आठवीला शनिवारी शेवटचा तास गणिताचा द्यायचा नाही. हे सगळं पाठ आहे. हात चालत होते.

दुपारपर्यंत निम्मा बोर्ड भरला. मग पिवळ्या चिठ्ठ्या कमी पडल्या, म्हणून डबा उलटा केला. तळाला चिकटलेली एक चिठ्ठी पडली. तिच्यावर माझं अक्षर नव्हतं. ह्यांचं होतं. लिहिलं होतं, ‘पुढे चाल’.

हे क्रीडाशिक्षक होते, दुसऱ्या शाळेत. तालुक्याच्या कबड्डी स्पर्धांचा ड्रॉ वर्षानुवर्षं ह्यांनीच काढला. जूनमध्ये टेबल माझ्याकडे असायचं, पावसाळी स्पर्धा आल्या की ह्यांच्याकडे. चिठ्ठ्या माझ्याच पळवायचे. आठ किंवा सोळा संघ आले तर जोड्या सरळ लागतात. अकरा आले की काहींना पहिली फेरी न खेळताच पुढच्या फेरीत घालावं लागतं. इंग्रजीत त्याला बाय म्हणतात, आपल्याकडे पुढे चाल. आमची मुलगी सहा-सात वर्षांची असल्यापासून चिठ्ठी उचलायचं काम तिचं. ती चिठ्ठी उघडायची आणि घसा ताणून वाचायची, “पुढे चाल!” त्या संघाची पोरं तिथेच नाचायला लागायची. तिच्या डोक्यात हे दोन शब्द तसेच बसले. पुढे चाल मिळाली म्हणजे चांगलं झालं.

दोघांच्या मध्ये त्या टेबलावर वाढली, आणि शेवटी धंदाही तोच धरला. पुण्याला इंजिनिअरिंग केलं, पुढचं शिकायला अमेरिकेला गेली आणि तिथल्या फुटबॉलच्या मोठ्या व्यावसायिक लीगचं वेळापत्रक जिथे होतं त्या खोलीत नोकरीला लागली. हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. तो पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. बत्तीस संघ, प्रत्येकाचे सतरा सामने, आठवडे अठरा. म्हणजे प्रत्येकाला एक आठवडा सुट्टी. ती सुट्टी कुणाला कधी द्यायची, यावरून भांडणं. कुठलं मैदान गाण्याच्या कार्यक्रमाला दिलेलं, कुठे दोन संघांचं मैदान एकच, कुणाला लागोपाठ तीन सामने परगावी नको. हजारो कॉम्प्युटर वेळापत्रकं ओतत राहतात आणि चार-पाच माणसं ती बघत बसतात.

मी तिला विचारलं, कॉम्प्युटर करतोय तर तुला कशाला ठेवलंय? ती म्हणाली, कॉम्प्युटर नियम मोडत नाही, पण कोण चिडेल ते त्याला कळत नाही. मी म्हटलं, म्हणजे स्टाफरूम. ती म्हणाली, हो, स्टाफरूमच.

ती रोज आमच्या सकाळी साडेसहाला फोन करायची. तेव्हा तिच्याकडे रात्रीची जेवणं उरकलेली असतात. मी पोळ्या लाटायचे, हे फोन स्टीलच्या डब्याला टेकवून समोर बसायचे, आणि तिघांचं वेळापत्रकावर बोलणं चालायचं. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी तिथे थँक्सगिव्हिंगचा सण असतो आणि त्या दिवशी सामने असलेच पाहिजेत. आम्ही ख्रिस्ती. आमच्याकडे घरात काही चांगलं झालं की लोकांना बोलावून उपकारस्तुती करतात, गाणी, प्रार्थना आणि मग जेवण. ह्यांनी देवळात सगळ्यांना सांगून टाकलं की आमची मुलगी उपकारस्तुतीच्या सामन्यांचं बघते. पाद्रीसाहेबांनी विचारलं, मग ते लोक प्रार्थना कधी करतात? ह्यांनी म्हटलं, विचारून सांगतो. दुसऱ्या दिवशी फोनवर तिला विचारलं. ती म्हणाली, पप्पा, मध्यंतरात. नाताळच्या दिवशीही सामने असतात हे कळल्यावर मात्र हे दोन दिवस तिच्याशी तोंड फुगवूनच बोलले.

माझं आणि तिचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. त्यांच्या वेळापत्रकात शेवटच्या आठवड्याचे सामने लिहिलेले असतात, पण वार आणि वेळ लिहिलेली नसते. डिसेंबरातल्या काही सामन्यांचंही तसंच. मी म्हणायचे, अशा कागदावर मी सही केली नसती. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक, त्यात जागा कोरी कशी? ती म्हणायची, मम्मी, बाद फेरीत कोण जाणार हे शेवटपर्यंत ठरत नाही. कुठला सामना महत्त्वाचा ठरेल ते आम्हाला मे महिन्यात कसं कळणार? म्हणून तो आठवडा मोकळा ठेवायचा, आणि वेळ आली की हलवायचं. मी म्हणायचे, हलवतात ते वेळापत्रक नव्हे. हे मध्ये पडायचे नाहीत. डब्यातली खारी चहात बुडवत ऐकत बसायचे.

यंदाच्या जानेवारीत ह्यांनी बाद फेरीचे सामने मोबाईलवर बघितले. काही सामने आपल्याकडे अगदी सकाळी येतात. खेळ कळत नव्हता, पण म्हणायचे, ही कबड्डीच आहे, फक्त डोक्यात हेल्मेट घातलंय. तिथे दोन्ही गटांतल्या पहिल्या नंबरच्या संघाला बाद फेरीत पुढे चाल मिळते, हे त्यांना फार आवडलं. आपल्याकडे चिठ्ठीवर मिळते, तिथे ती कमवावी लागते, असं तिला फोनवर सांगत होते. सांगताना पाठीमागे उशी लावून बसले होते. पाठ दुखत होती. महिनाभर दुखत होती. मी मलम आणून दिलं होतं.

फेब्रुवारीत वजन उतरलं. तपासण्या झाल्या आणि महिन्याच्या शेवटी आम्ही पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टर नीट बोलले. ऑपरेशनचा उपयोग नाही, औषधाने दुखणं कमी ठेवू. मी विचारलं, किती वेळ आहे. ते म्हणाले, अंदाजाने चार ते सहा महिने, पण हा अंदाज आहे. अंदाज हा शब्द ते दोनदा म्हणाले, हे मला आत्ता आठवतं. तेव्हा मी आकडे घेतले.

परतताना सुप्याला चहाला थांबलो. हे म्हणाले, “तिला काय सांगायचं?” मी म्हटलं, बघू. माझा हिशोब गाडीतच झाला होता. चार महिने धरले तरी जूनचा शेवट. त्यांचं वेळापत्रक मेच्या मध्याला जाहीर होतं. यंदा पहिल्यांदाच उपकारस्तुतीचे आणि नाताळचे सामने पूर्णपणे तिच्या हाती दिले होते, चार वर्षं ती त्याची वाट बघत होती. जाहीर झालं की तिला बोलवायचं. वीस मेला आली तरी महिना हातात राहतो. घरी आल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वीस मेच्या चौकोनात लिहिलं, ‘ती येणार’.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन आला. आम्ही ऑपरेशनचं विचारायला पुण्याला जाणार हे तिला माहीत होतं. तिने पहिलं तेच विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, ऑपरेशन कधी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लाटणं हातात धरून त्यांच्या शेजारी उभी होते. हे हसले आणि म्हणाले, “ऑपरेशनची फेरी खेळायचीच नाही म्हणाले. पुढे चाल मिळाली मला.”

ती तिकडे ओरडली. लहानपणी ओरडायची तशी, घसा ताणून, “पुढे चाल!” मग म्हणाली, पप्पा, मी केवढी घाबरले होते. मला म्हणाली, मम्मी, पार्टी. मी म्हटलं, मेमध्ये ये, मग करू. एका वाक्यात मला ते दुरुस्त करता आलं असतं. पोळी तव्यावर टाकली.

मार्च बरा गेला. मी दहावीचे पेपर तपासले, त्यांची औषधं वेळेवर दिली, गोळ्यांचं कोष्टक फ्रिजवर लावलं. ते कोष्टक बघून ते म्हणाले, मलासुद्धा शाळेत घातलंस. ती रोज फोन करायची आणि कामाचं सांगायची. तिचा नाताळ जमत नव्हता. तीन सामने बसवले की दोन संघांना पुढच्या आठवड्यात विश्रांती पुरत नव्हती. हे उत्तरं सुचवायचे. पडून सुचवायला लागले, मग डोळे मिटून. तिला मी सांगितलं, औषधाने गुंगी येते. ते खोटंही नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मी देवळातून झावळी घेऊन आले आणि त्यांच्या पलंगाच्या उशाशी लावली. ते कॅलेंडरकडे बघत होते. म्हणाले, “मेमध्येच का?”

“तिचं काम आहे तोवर.”

“मधे एखादा ऑफ तास नाही का निघत?”

“नाही निघत,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. मी उशीचा अभ्रा बदलला. बावीस वर्षांत कितीतरी शिक्षक माझ्याकडे येऊन उभे राहिले आहेत, बाई, एवढा एक तास बदलून द्या म्हणून. सगळ्यांना मी त्याच आवाजात नाही म्हटलेलं आहे. नवऱ्याला आणि त्यांना आवाज वेगळा असायला हवा होता, हे त्या दिवशी सुचलं नाही.

ईस्टरला जामखेडहून आक्का आल्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांनी भावाला बघितलं, पदराने चेहरा पुसला आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. “पोरीला सांगितलं का न्हाई?” मी सांगितलं की वीस मेला येतेय, तोवर तिचं मोठं काम आहे, सगळं बसवलंय. आक्का म्हणाल्या, “तुजं येळापत्रक त्याला म्हाईत हाय का पर? त्यो थांबनार हाय का तुज्या तारखंला?” मला राग आला. डॉक्टरांनी आकडा दिलाय, म्हटलं. आक्का म्हणाल्या, “डाक्टर लई शिकलेला असंल. मी आमच्या मालकाला जाताना बघितलंय. पोरीला बोलीव.” मी म्हटलं, या आठवड्यात बघते. त्या आठवड्यात शाळेचा निकाल होता. पुढच्या आठवड्यात फोन उचलला तेव्हा ती इतकी आनंदात होती, तिचा नाताळ अखेर बसला होता, की मी म्हटलं, आता पंधराच दिवस.

तीस एप्रिलला, बुधवारी, अकरा वाजता मी त्यांना नाचणीची पेज भरवत होते. तीन चमचे घेतले. चौथा घेतला नाही. मी थोडा वेळ चमचा तसाच धरून बसले, मग वाटी खाली ठेवली.

साडेअकराला तिला फोन लावला. तिच्याकडे रात्रीचे दोन. दुसऱ्याच रिंगला उचलला. शेवटच्या पंधरवड्यात त्या खोलीतली माणसं घरी फारशी जात नाहीत. मागे कुणीतरी हसत होतं.

“पप्पा गेले,” मी म्हटलं.

“कुठे?” ती म्हणाली.

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

पाद्रीसाहेबांनी विचारलं, उन्हाळा आहे, काय करायचं. मी म्हटलं, थांबायचं. रुग्णालयाच्या शीतगृहात ठेवलं. ती दोन मेला पोचली, विमानतळावरून थेट तिथे. बाहेर आली तेव्हा तिचा हात बर्फासारखा गार होता. त्याच संध्याकाळी दफन झालं. कबड्डीची जुनी पोरं आली होती, आता पोटं सुटलेली, टक्कल पडलेली. खांदा त्यांनी दिला.

मुलगी घरात कॅलेंडरसमोर उभी राहिली ती तिसऱ्या दिवशी. वीस मेचा चौकोन बघितला. मग टेबलाशी बसली, माझ्या समोर, लहानपणीच्या जागी. आवाज चढवला नाही.

“त्यांनी मला पुढे चाल म्हणून सांगितलं, तेव्हा तू शेजारी उभी होतीस.”

“हो.”

“तुला माहीत होतं.”

“हो. तुझं काम चालू होतं.”

“मम्मी, आम्ही वादळ आलं तर सामना हलवतो. शेवटचा आठवडा कोरा ठेवतो. तुला इतकी वर्षं तेच तर सांगत होते.” मग म्हणाली, “माझ्या जागी बसायला तिथे चार जण होते.”

मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांचा आकडा, माझा हिशोब, आक्कांचं बोलणं. एक सोडून सगळं. झावळ्यांच्या रविवारचं सांगितलं नाही. मला वाटलं, तेवढं तरी तिच्यापर्यंत जायला नको. हे मी तिच्यासाठी केलं असं तेव्हा म्हणत होते.

ती बारा तारखेला परत गेली. दोन दिवसांनी वेळापत्रक जाहीर झालं. तिने मला पाठवलं, खाली काही न लिहिता. मी नोव्हेंबरचा गुरुवार बघितला, पंचवीस डिसेंबर बघितला. चांगलं बसवलं होतं. शेवटच्या आठवड्यात नेहमीसारखे नुसते सामने, वार नाही, वेळ नाही. मी तो आठवडा बराच वेळ बघत बसले.

तेव्हापासून साडेसहाचा फोन बंद झाला. रविवारी मेसेज यायचा, ‘ठीक आहेस ना’. मी लिहायचे, ‘ठीक’. पोळ्या आता दोनच, त्यामुळे त्या वेळेला मला काही कामही नसायचं.

तर दहा जूनला ही चिठ्ठी निघाली. ती बाजूला ठेवून मी काम पुरं केलं, कारण करायचंच होतं. पाच वाजता बोर्डावर शेवटची टाचणी लावली, सगळे रंग उभे-आडवे तपासले. कुणाचे दोन तास एका वेळी आले नव्हते. नेवाशाच्या बाईंचा पहिला तास कुठे नव्हता. मग पाणी प्यायले आणि चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. जुनी होती, कडा मऊ झालेल्या. मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाच्या अक्षरांचे सोनेरी तुकडे. हे तिला खोटं बोलले नव्हते, मला एकदम वाटलं. त्यांच्या भाषेत पुढे चाल म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत जाणं, आणि डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. ते माझ्याकडे बघत होते, मी खरं काय ते सांगते का म्हणून. मग एप्रिलमध्ये त्यांनी ज्या शब्दांत मागितलं तेही माझ्याच कामातले निवडले, मला कळावेत म्हणून. ते एकटीने ठेवून घेण्याचा मला काही हक्क नव्हता. तो ऑफ तास त्यांनी तिच्यासाठी मागितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी फोन लावला. तिने उचलला, घाबरून म्हणाली, काय झालं. मी म्हटलं, काही झालं नाही, एक गोष्ट सांगायची राहिली आहे. उभ्यानेच सांगितलं, झावळीपासून ‘बरं’पर्यंत, त्यांचे शब्द होते तसेच.

तिने विचारलं, “झावळ्यांचा रविवार म्हणजे तारीख कुठली?”

“तेरा एप्रिल.”

ती मोजत होती. मला ऐकू आल्यासारखं वाटलं.

“तो आठवडा आम्ही नुसते बसून होतो, मम्मी,” ती म्हणाली. “एका मैदानवाल्यांचं उत्तर यायचं होतं. ते येईपर्यंत कुणाला काही काम नव्हतं. सहा दिवस.”

मी फोन धरून खुर्चीत बसले. तिनेही फोन ठेवला नाही. तिच्याकडे कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता, नंतर तो थांबला. मग ती म्हणाली, उद्या याच वेळेला मी करते. मी बरं म्हटलं.

नऊ वाजता बोर्ड चादरीत गुंडाळून रिक्षात घातला आणि शाळेत नेला. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावून बघितला, ठीक आहे म्हणाल्या, आणि मी तो स्टाफरूमच्या भिंतीवर लावला.